पिशवी, खिसा, कपाट : मराठी पुस्तकाच्या आकाराची कहाणी

पुस्तक केवढे असावे, हे मराठी लेखकाला सहसा कुणी विचारत नाही. त्याचा निकाल कागदाच्या गोदामात लागतो. छापखान्यात कागद येतो तो ठरावीक मापाच्या तावांत. डबल क्राउन म्हणजे २० × ३० इंच, डबल डेमी म्हणजे २३ × ३६ इंच, डबल फुलस्केप म्हणजे १७ × २७ इंच. ताव चार वेळा दुमडला की त्याचे सोळा तुकडे पडतात, पाठपोट धरून बत्तीस पृष्ठे. क्राउनचे पृष्ठ ५ × ७.५ इंचांचे निघते, डेमीचे ५.७५ × ९ इंचांचे आणि फुलस्केपचे ४.२५ × ६.७५ इंचांचे. बाइंडरच्या कटिंगमध्ये त्यातलाही थोडा कागद जातो.

हिशेब चालतो तो फर्म्यावर. सोळा पृष्ठांचा एक फर्मा, आणि हजार प्रतींसाठी एका फर्म्याला एक रीम, म्हणजे ५०० ताव. १६० पृष्ठांची कादंबरी म्हटली की दहा फर्मे, दहा रिमा. पूर्वीचे प्रकाशक हस्तलिखित हातात तोलूनच फर्मे सांगत आणि त्यावरून किंमत ठरवत.

मात्र या तीन मापांतले कोणते उचलायचे, हे कागदवाला सांगत नाही. वाचक ते पुस्तक घेऊन कुठे बसणार, कशात घालून नेणार आणि पैसे कोण मोजणार, यावर ते ठरते. मराठी पुस्तक चौरंगावरून जत्रेत गेले, जत्रेतून फलाटावर, फलाटावरून लायब्ररीच्या पिशवीत आणि तिथून दिवाणखान्यातल्या कपाटात. प्रत्येक मुक्कामाला त्याचे माप बदलले. मुंबईतले चेंबूरसारखे उपनगर या प्रवासातल्या निम्म्याअधिक मुक्कामांचे साक्षीदार आहे.

चौरंगावरून जत्रेत

छपाई आली तेव्हा मराठी माणसाच्या ओळखीचे पुस्तक म्हणजे पोथी. आडवी, सुट्या पानांची, रुमालात बांधलेली. ती चौरंगावर ठेवायची, समोर मांडी घालून बसायचे आणि वाचून झालेले पान उलटून पलीकडे ठेवायचे. एकाने वाचायचे आणि घराने ऐकायचे, अशी रीत असल्यामुळे अक्षर ठसठशीत लागे. एकोणिसाव्या शतकात मुंबईत गणपत कृष्णाजी आणि त्यांच्यामागून आलेल्या छापखानदारांनी धर्मग्रंथ छापायला घेतले, तेव्हा वाचकाची ही बैठक मोडण्याचे त्यांना कारण नव्हते. छापलेली पोथीही आडवी आणि सुट्या पानांचीच राहिली. पुढे जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. शिशाच्या सुबक खिळ्यांनी छपाई स्वच्छ झाली आणि उभे, शिवलेले पुस्तक मराठी घरात रुळले.

पोथी लहान कशी झाली, याचा नमुना म्हणजे ‘शिवलीलामृत’. श्रीधरांचा हा ग्रंथ १७१८ सालचा, चौदा अध्यायांचा. भाविकांच्या रोजच्या पाठात मात्र अकरावा अध्याय. मग प्रकाशकांनी तो एकटाच वेगळा काढला. डबल क्राउन तावाचा बत्तिसावा भाग म्हणजे पावणेचार बाय पाच इंच, मध्यभागी दोन पिना, वर पातळ रंगीत मुखपृष्ठ. चेंबूर स्टेशनबाहेरच्या पूजासाहित्याच्या दुकानात उदबत्तीच्या पुड्यांशेजारी या पुस्तिका आजही तळहातात मावतील अशाच मापात लटकलेल्या असतात. हरिपाठ, व्यंकटेशस्तोत्र, रामरक्षा यांचेही तेच. सोमवारी सकाळच्या गाडीत एका हाताने कडी धरून दुसऱ्या हातातला अकरावा अध्याय वाचणाऱ्या बायका चेंबूरवरून जाणाऱ्या हार्बर रेल्वेमार्गाच्या प्रवाशांना नव्या नाहीत. मराठीतले सर्वांत यशस्वी पेपरबॅक कोणते, असे कुणी विचारले तर माझे बोट या पुस्तिकेकडे जाईल. समीक्षक तिला पुस्तकांत मोजत नाहीत, एवढेच.

पवाडे, लावण्या, वगांच्या आणि आरत्यांच्या चोपड्याही याच घरातल्या. जत्रेत विकल्या जाणाऱ्या वस्तूला दोन अटी असतात : पैसे सुटे असतानाच ती घेता आली पाहिजे आणि घरी नेताना तिचे ओझे होता कामा नये. या चोपड्या दोन्ही अटींत बसत.

फलाटावरचे पुस्तक

जगात पेपरबॅकला बळ दिले ते रेल्वेने. जर्मनीत लाइपझिगच्या टाउख्निट्झ यांनी १८४१ पासून इंग्रजी लेखकांची कागदी बांधणीतली मालिका काढली. युरोपात हिंडणारे प्रवासी तिचे गिऱ्हाईक. आपल्याकडे १८७७ मध्ये अलाहाबादला ए. एच. व्हीलर कंपनी सुरू झाली आणि फलाटावर पुस्तकांचे दुकान दिसू लागले. याच कंपनीने १८८८ मध्ये ‘इंडियन रेल्वे लायब्ररी’ या नावाने रुपयाला एक अशी पातळ पुस्तके काढली. त्यातली पहिली सहा तरुण रुडयार्ड किपलिंगची होती. प्रवासात वाचून संपेल एवढा मजकूर आणि गाडीत विसरले तरी हळहळ वाटणार नाही एवढी किंमत, हा फलाटाचा हिशेब तेव्हाच बसला होता.

३० जुलै १९३५ रोजी ॲलन लेन यांनी इंग्लंडात पेंग्विनची पहिली दहा पुस्तके सहा पेन्सला एक या दराने बाजारात आणली. माप होते १८१ × १११ मिलिमीटर. ते त्यांचे स्वतःचे नव्हते. ॲल्बॅट्रॉस या जर्मन मालिकेने १९३२ मध्ये हे माप रूढ केले होते, लेन यांनी ते जवळजवळ जसेच्या तसे उचलले. पुस्तकविक्रेत्यांनी नाके मुरडली, पण वूलवर्थ या किरकोळ वस्तूंच्या दुकानसाखळीने त्रेसष्ट हजारांवर प्रतींची मागणी नोंदवली आणि पेंग्विन तरले. १९३९ मध्ये अमेरिकेत पॉकेट बुक्स पंचवीस सेंटला मिळू लागली.

युद्धाने तर मापाचा आणखी एक चमत्कार दाखवला. १९४३ ते १९४७ या काळात अमेरिकी सैनिकांसाठी १,३२२ पुस्तकांच्या मिळून बारा कोटींहून अधिक प्रती छापल्या गेल्या. मासिके छापणाऱ्या यंत्रांवर दोन पुस्तके एकावर एक छापायची आणि मधोमध कापायची, अशी युक्ती असल्यामुळे ही पुस्तके उंचीपेक्षा रुंदीला जास्त झाली. गणवेशाच्या खिशात ती बसत. एवढा मोठा वाचनाचा कार्यक्रम यंत्र आणि खिसा या दोघांच्या सोयीने आखला गेला.

झुंजार आणि काळा पहाड

याच युद्धाच्या काळात गिरगावात एक वेगळाच कारखाना सुरू झाला. १९४२ मध्ये बाबूराव अर्नाळकरांची पहिली रहस्यकथा ‘चौकटची राणी’ आली. पुढे झुंजार, काळा पहाड, धनंजय या नायकांच्या आधारे त्यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. कागदावर नियंत्रण होते, कागद मिळाला तरी महाग होता. अशा दिवसांत पातळ पुस्तक काढणे प्रकाशकाला परवडे आणि पातळ पुस्तक घेणे वाचकाला. क्राउन आकार, स्वस्त कागद, वर रघुवीर मुळगावकरांसारख्या चित्रकाराच्या हातचे भडक रंगांतले मुखपृष्ठ. रस्त्यापलीकडून दिसावे असेच ते काढलेले असे. आत कसलीच सजावट नाही. पहिल्या ओळीपासून गोष्ट सुरू.

मग ही पुस्तके पेंग्विनएवढी लहान का झाली नाहीत? याचे उत्तर देवनागरीत आहे. रोमन ओळीत अक्षरे एका पट्टीत बसतात. आपल्या ओळीला वर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार यांना जागा लागते आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांच्या शेपट्यांना. खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरला ही जागा ठेवावीच लागे, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडके. त्यामुळे तेवढ्याच पृष्ठावर मराठीच्या ओळी कमी मावतात. सव्वाचार इंच रुंदीच्या पृष्ठाला दोन्ही बाजूंचा समास सोडला तर उरलेल्या ओळीत पाच-सहाच शब्द बसणार. लांब सामासिक शब्द आला की एकतर शब्दांत खिंडारे पडणार किंवा तो तोडावा लागणार. शिवाय बारीक टाइपात जोडाक्षरे लवकर झिजत. पेंग्विनच्या मापाचे मराठी पुस्तक काढायचे तर अक्षर वाचकाच्या डोळ्यांवर आले असते किंवा पृष्ठे वाढून स्वस्ताई गेली असती. क्राउन हा मराठीने काढलेला मधला मार्ग होता. खिशात जेमतेम, पण पिशवीत सहज.

लहान मापाचा एक प्रयोग मासिकात मात्र रुजला. नाशिकच्या ‘गांवकरी’ समूहाने ‘अमृत’ हे डायजेस्ट काढले. ‘रीडर्स डायजेस्ट’च्या वळणाचे हे मासिक एरवीच्या ऐसपैस मासिकांशेजारी वेगळे उठून दिसे. कादंबरीपेक्षा छोट्या मजकुराला लहान पृष्ठ अधिक मानवते, हे त्यातून दिसले.

हार्बर लाइनवरची लायब्ररी

चेंबूरला रेल्वे पोहोचली ती १९०६ मध्ये, आणि तीही शहराचा कचरा वाहून नेण्यासाठी. प्रवासी गाड्या सुरू झाल्या १९२४ मध्ये. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची छावणी इथे वसली. १९५४-५५ मध्ये माहुलच्या बाजूला तेलशुद्धीकरणाचे कारखाने आले, १९५४ मध्ये देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था आली, १९५६ मध्ये तुर्भ्याला अप्सरा अणुभट्टी सुरू झाली आणि १९६५ मध्ये खतांचा कारखाना. तिलकनगर, सुभाषनगर, सहकारनगर या गृहनिर्माण मंडळाच्या वसाहती भरल्या. गिरगाव-परळच्या चाळींतून निघालेली, पाळीवर किंवा ऑफिसात जाणारी मराठी माणसे इथे राहायला आली.

या माणसांचे घर दीड-दोन खोल्यांचे होते. पगार बांधलेला. पुस्तक विकत घेणे हा सणासुदीचा खर्च, आणि घेतलेले ठेवायचे कुठे हाही प्रश्नच. त्याचे उत्तर म्हणजे सर्क्युलेटिंग लायब्ररी. जिन्याखालचा किंवा किराणा दुकानाला लागून असलेला गाळा, अनामत म्हणून काही रुपये, महिन्याची वर्गणी, आणि त्या बदल्यात एका वेळी एक पुस्तक, एक मासिक. मुंबईच्या बहुतेक उपनगरांत साठ ते ऐंशीच्या दशकांत अशा लायब्रऱ्या होत्या आणि चेंबूर त्याला अपवाद नव्हते. डोंबिवलीची पै फ्रेंड्स लायब्ररी हा त्या जातीतला अजून टिकून असलेला आणि वाढलेला नमुना.

या लायब्रऱ्यांना कोणते पुस्तक हवे असे? जे लवकर वाचून परत येते ते. अर्नाळकरांपाठोपाठ गुरुनाथ नाईकांनी हजाराहून अधिक कादंबऱ्यांचा रतीब घातला. नारायण धारपांनी भयकथेला मराठी घर दिले. सुहास शिरवळकरांचे दारा बुलंद, मंदार पटवर्धन, अमर विश्वास कॉलेजच्या पोरांच्या बॅगेत शिरले. पाळीवरून आलेला माणूस जेवून आडवा होऊन रात्रीत एक पुस्तक संपवी आणि सकाळी बदलायला पाठवी. प्रतीला दहा-वीस नव्हे, शंभर हात लागत. लायब्ररीवाल्याचे पैसे तिथेच सुटत.

अशी एखादी प्रत चेंबूरच्या रद्दीवाल्याकडे अजूनही हाती लागते. तिचे मूळ मुखपृष्ठ बहुधा गेलेले असते, किंवा कापून पुठ्ठ्यावर चिकटवलेले. लायब्ररीवाला नवे पुस्तक आले की आधी बाइंडरकडे धाडी. बाइंडर मूळच्या पिना काढी, पाने दोऱ्याने आरपार शिवी, वर-खाली जाड पुठ्ठा घाली, पाठीला रेक्झिनची पट्टी लावी आणि कडा सरळ करण्यासाठी तिन्ही बाजूंनी कापणी करी. दोन-तीन वर्षांनी पुस्तक पुन्हा खिळखिळे झाले की पुन्हा शिलाई, पुन्हा कापणी. त्यामुळे जुन्या प्रतीत समास बोटभरही उरत नाही. काही वेळा पृष्ठांकच अर्धा गेलेला असतो. आतल्या बाजूला आरपार शिलाईत ओळींची सुरुवात अडकलेली, म्हणून वाचताना पुस्तक दोन्ही हातांनी ताणून धरावे लागते. शेवटच्या पानाला तारखांचा कागद चिकटवलेला, त्यावर जांभळ्या शाईचे शिक्के एकाखाली एक. पाच बाय साडेसात म्हणून छापखान्यातून निघालेले पुस्तक लायब्ररीतून निवृत्त होताना मोजले तर दोन्ही बाजूंनी निदान पाव-पाव इंचाने झिजलेले भरते. प्रकाशकाने कागदी बांधणीत काढलेले पुस्तक वापरणाऱ्याने पुठ्ठ्यात घातले, हा मराठी पेपरबॅकच्या इतिहासातला मोठाच विनोद आहे. ते विकत घेऊन टाकून देण्यासाठी नव्हते, भाड्याने फिरण्यासाठी होते.

हिंदीत जमले, मराठीत का नाही?

भारतात इंग्रजी पेपरबॅकची मुहूर्तमेढ मुंबईतच रोवली गेली. जमन शहा यांनी १९४६ मध्ये जयको प्रकाशनसंस्था काढली. देश स्वतंत्र होण्याची चाहूल त्या नावातल्या ‘जय’मध्येच आहे. हिंदीत १९५८ मध्ये दीनानाथ मल्होत्रांनी दिल्लीत हिंद पॉकेट बुक्स सुरू केली. रुपयाला एक पुस्तक, त्यात कादंबरी, शायरी, आरोग्य, चरित्र असे सगळे, आणि पुढे ‘घरेलू लायब्ररी योजना’, म्हणजे दर महिन्याला टपालाने घरी येणारा पुस्तकांचा संच. या योजनेने हिंदी वाचक घडवला. २०१८ मध्ये ही संस्था पेंग्विन रँडम हाउसने घेतली.

त्या तोडीची पॉकेट बुकांची मालिका मराठीत उभी राहिली नाही. एक कारण साधे. दिल्लीच्या प्रकाशकापुढे पाटण्यापासून जयपूरपर्यंतचे फलाट होते. खिशातले पुस्तक रुपयाला विकायचे तर आवृत्ती दहा-वीस हजारांची लागते. मराठी प्रकाशकाची आवृत्ती हजार-दोन हजारांची. एवढ्या प्रतींवर पॉकेट बुकाचा हिशेब बसत नाही.

दुसरे कारण जास्त खोल आहे. १९६७ मध्ये महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम झाला. गावोगावच्या वाचनालयांना सरकारी अनुदान मिळू लागले आणि ग्रंथालय हे मराठी पुस्तकाचे सर्वांत भरवशाचे गिऱ्हाईक बनले. आज राज्यात अशी हजारो ग्रंथालये आहेत. ही चळवळ नसती तर मराठीत कितीतरी चांगली पुस्तके निघालीच नसती, हे मान्य केलेच पाहिजे. पण ग्रंथालयाची गरज वेगळी असते. त्याला टिकाऊ बांधणी हवी, कपाटात नीट उभे राहणारे पुस्तक हवे आणि अनुदानाच्या हिशेबात दिसेल अशी किंमतही हवी. त्याच सुमारास मराठी कादंबरीही भारदस्त होत होती. ‘ययाति’ १९५९, ‘स्वामी’ १९६२, ‘मृत्युंजय’ १९६७, ‘श्रीमान योगी’ १९६८. ही पुस्तके लग्नात आहेर म्हणून दिली गेली, पारितोषिकात वाटली गेली. कपाट आणि आहेर यांनी मिळून पुठ्ठा-बांधणीला प्रतिष्ठा दिली. पातळ, कागदी बांधणीचे पुस्तक म्हणजे रहस्यकथा, म्हणजे हलके, अशी समजूत घट्ट झाली.

पातळ पुस्तकांची दुसरी वाट

ही समजूत मोडण्याचे काम दुसऱ्याच मंडळींनी केले. १९५५ चे ‘शब्द’ आणि त्यापुढची अनियतकालिके यांचे आकार ना क्राउन ना डेमी. हाती लागेल तो कागद, परवडेल ते यंत्र. सायक्लोस्टाइलच्या कागदाचे जे माप तेच अंकाचे. अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने १९७७ मध्ये ‘अरुण कोलटकरच्या कविता’ काढले. पुस्तकाचे रूप हाही मजकुराचाच भाग मानणाऱ्या माणसांचे ते काम होते.

१९७४ मध्ये ग्रंथाली ही वाचक चळवळ सुरू झाली. वाचकांना सभासद करून घ्यायचे, त्यांच्या बळावर आवृत्ती छापायची आणि पुस्तक कमी किमतीत थेट त्यांच्या हाती द्यायचे, ही तिची पद्धत. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये ग्रंथालीनेच काढले. कागदी बांधणीतले गंभीर पुस्तक मध्यमवर्गाच्या घरात मानाने आले, त्यात या चळवळीचा वाटा मोठा.

आंबेडकरी चळवळीने तर पुस्तिकेला वेगळेच स्थान दिले. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारा माणूस परतताना पुस्तक घेऊन जातो. चेंबूर, गोवंडी, मानखुर्दच्या वस्त्यांतून दादरला जाणाऱ्यांच्या हातांत त्या दिवशी जे दिसते ते पाहावे : पिना मारलेली भाषणे, वंदनेच्या पुस्तिका, भीमगीतांच्या चोपड्या, आणि त्यांच्या जोडीला १९७९ पासून राज्य सरकारने प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या समग्र लेखन-भाषणांचे जाडजूड खंड. एकीकडे तळहाताएवढी पुस्तिका, दुसरीकडे दोन्ही हातांनी उचलावा असा ग्रंथ. मधल्या मापाला तिथे फारसे काम नाही. पुस्तिका रोजच्या वाचनाची, खंड पोरांनी मोठेपणी वाचावा म्हणून.

डेमीचे राज्य

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. नव्वदीत वाहिन्या आल्या आणि रात्रीची रहस्यकथा मालिकांनी खाल्ली. चेंबूरमध्ये जागेचे भाव चढले, तसा लायब्ररीचा गाळा झेरॉक्सला, मग मोबाइलच्या दुकानाला गेला. सर्क्युलेटिंग लायब्ररी उठली तशी क्राउन आकाराच्या पातळ कादंबरीची मागणीही उठली, कारण तिचे खरे गिऱ्हाईक वाचक नव्हता, लायब्ररीवाला होता.

छापखानाही बदलला. खिळे गेले, संगणकावर अक्षरजुळणी आली, ट्रेडलच्या जागी ऑफसेट आले. मग डेमीचे गणित सोपे झाले. क्राउनमध्ये २४० पृष्ठे भरणारा मजकूर त्याच टाइपात डेमीत साधारण १७० पृष्ठांत बसतो. ताव मोठा असल्याने कागद जवळपास तेवढाच लागतो, पण फर्मे पंधराचे अकरा होतात. प्लेट कमी, मशीनवरचे चढाव कमी, घड्या आणि शिलाई कमी. प्रकाशकाने डेमी उचलले यात नवल नाही.

नवल पुढे आहे. पृष्ठे कमी झाली की पुस्तक बारीक दिसू लागले आणि मराठी पुस्तकाची किंमत तर पृष्ठांवर ठरते. त्यामुळे वाचवलेली पृष्ठे पुन्हा वाढवली गेली. टाइप मोठा झाला, ओळींतले अंतर वाढले, प्रकरण संपल्यावर कोरे पान आले, आणि हाताला जाड पण वजनाला हलका असा बल्की कागद आला. परफेक्ट बाइंडिंगमुळे शिलाई गेली, पाठीला सरस लागला, वर लॅमिनेशनचे चकचकीत मुखपृष्ठ. तांत्रिकदृष्ट्या हे पेपरबॅक आहे, पण वागते पुठ्ठा-बांधणीसारखे. उभ्याने एका हातात धरवत नाही, खिशात जात नाही, आणि उघडून ठेवले तर आपोआप मिटते.

स्वस्त पुस्तकाची भूक मात्र मेली नव्हती. २०१० च्या आगेमागे ‘कोणतेही पुस्तक ५० रुपये’ अशी प्रदर्शने गावोगाव लागली आणि मुंबईच्या उपनगरांतल्या सभागृहांतही गर्दी खेचून गेली. दुसरी परीक्षा साने गुरुजींच्या पुस्तकांनी घेतली. भारतात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी पुस्तक प्रताधिकारमुक्त होते. गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले, म्हणजे १ जानेवारी २०११ पासून ‘श्यामची आई’ कुणालाही छापता येऊ लागले. मूळ पुस्तक १९३५ चे. आता एखाद्या प्रदर्शनात टेबलावरून नुसता हात फिरवला तरी त्याच्या पाच-सहा आवृत्त्या सापडतात : क्राउनची, डेमीची, मुलांसाठी चित्रे घातलेली चौकोनी, भेट देण्यासाठी पुठ्ठ्याची. मजकूर एकच, बाजार वेगवेगळे. प्रताधिकाराचे बंधन सुटल्यावर प्रकाशकांनी एकमेकांशी किमतीत स्पर्धा केली, कागदात केली, चित्रांत केली. खिशात मावेल अशा मापात करावी असे फारसे कुणाला सुचले नाही.

खिसा अजून रिकामाच

डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर मराठी पुस्तके आली. त्याआधीच मराठी वाचन मोबाइलवर सुरू झाले होते. चेंबूरहून सीएसएमटीच्या गाडीत आज ज्याच्या हातात काही वाचायचे आहे त्याच्या हातात फोन आहे. त्याचा पडदा पेंग्विनच्या पृष्ठापेक्षाही अरुंद. ओळीत पाच शब्द मावत नाहीत तरी लोक तासन् तास वाचतात. अरुंद ओळीत मराठी वाचवत नाही, ही छापखान्याची जुनी तक्रार वाचकाने स्वतःच खोटी ठरवली आहे. आजचे देवनागरी फाँट लहान मापातही स्वच्छ दिसतात, जोडाक्षरे झिजत नाहीत, आणि मागणीनुसार शंभर-दोनशे प्रती छापता येत असल्याने दहा हजारांची आवृत्तीही लागत नाही. पॉकेट बुकाच्या आड आलेली जुनी कारणे आता उरलेली नाहीत. उरली आहे ती सवय : पुस्तक म्हणजे कपाटात उभे राहणारे काहीतरी, ही.

मराठी पुस्तक महाग झाले म्हणून वाचक कमी झाला, असे आपण म्हणतो. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. ते वाचकाच्या दिवसातूनही उठून गेले. घरातून निघताना जे बरोबर घेता येत नाही ते प्रवासात वाचले जात नाही, आणि मुंबईच्या माणसाला वाचायला वेळ मिळतो तो बहुतेक प्रवासातच. ग्रंथालयासाठी डेमी काढावे, जरूर काढावे. पण त्याच मजकुराची एक लहान आवृत्ती, शिवलेली, साध्या कागदावरची, शंभराच्या नोटेत येणारी, का निघू नये? हरी नारायण आपटे, राम गणेश गडकरी यांच्या साहित्याला तर प्रताधिकाराचीही अडचण नाही.

चेंबूरला लागून असलेल्या घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत अण्णाभाऊ साठे अनेक वर्षे राहिले. ‘फकिरा’ प्रसिद्ध झाली १९५९ मध्ये, अण्णाभाऊ गेले १८ जुलै १९६९ रोजी. १ जानेवारी २०३० ला त्यांच्या हयातीत छापलेल्या कादंबऱ्या सर्वांसाठी मोकळ्या होतील. तेव्हा अनेक प्रकाशक सरसावतील यात शंका नाही. त्यांना एवढीच विनंती : चकचकीत आणि भारदस्त आवृत्त्या पुष्कळ निघतील, तुमच्यापैकी एकाने तरी ‘फकिरा’ मजुराच्या शर्टाच्या खिशात मावेल एवढी काढावी.